मापात न बसणारी मुले

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरते. फराळाच्या बश्या फिरू लागतात आणि कोणीतरी मामा किंवा आत्या घरातल्या पोराला हटकून विचारतात, "काय रे, कितवीला तू? मार्क किती पडले?" बहुतेक मुले आकडा सांगून चकलीकडे वळतात. परंतु एखाद्या घरी हा प्रश्न निघाला की आई लगबगीने स्वयंपाकघरात जाते, वडील विषय बदलतात आणि पंधरा-सोळा वर्षांचा तो मुलगा मुकाट्याने गच्चीची वाट धरतो. तो मठ्ठ नाही. घरातला बंद पडलेला पंखा तोच उघडून चालू करतो. रेल्वेचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे. पण तासभर एका जागी बसून धडा वाचणे त्याला जमत नाही, किंवा चार मुलांत मिसळणे साधत नाही. अशा घरांनी ऐकाव्यात अशा सातारा-सांगलीकडच्या दोन जुन्या हकीकती आहेत.

पहिली भाऊराव पाटलांची. जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. घर वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिकत असता त्यांचे गणिताशी कधी जमले नाही. शाहू महाराजांनी त्यांना वरच्या वर्गात घालण्याविषयी शब्द टाकला, तेव्हा गणिताचे शिक्षक बाणेदारपणे म्हणाले की, हा ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वर चढवीन, पण ह्याला चढवणार नाही. निदान तिकडे ही गोष्ट अशी सांगतात. भाऊराव मॅट्रिक झाले नाहीत. पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी विकले आणि १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांनाच डी. लिट. देऊन गौरविले.

ज्यांचे नांगर ते विकत, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत दुसरी. त्यांचाही शाळेत जीव रमला नाही. चित्रे काढण्याची हौस, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तेथे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हावयास निघालेल्याला याहून मोठा अडथळा कोणता? पण यंत्रांच्या आराखड्याला रंग लागत नाहीत. लक्ष्मणराव तिकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षकही झाले. १९१० साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. तेथील त्यांचे एक कर्ते सहकारी अनंतराव फळणीकर हेही शाळा अर्धवट सोडलेले, पण मोठे कल्पक यंत्रज्ञ होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या थोरांना अमुक विकार होता, असे आज म्हणणे हा अविचार होईल; तसा पुरावा नाही. सांगावयाचे आहे ते एवढेच, की शाळेचे माप आणि माणसाचे माप एकच नसते.

वैद्यकालाही हे उमगावयास फार वेळ लागला. लक्ष स्थिर न राहण्याचे वर्णन अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने १७९८ मध्ये केले होते. परंतु १९०२ मध्ये लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली, तेव्हा त्यांना त्यात नैतिक संयमाचा दोष दिसला! स्वमग्न मुलांचे वर्णन रशियात ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये आणि अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केले. अतिचंचलता आणि स्वमग्नता एकाच मुलात असू शकतात, हे तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकाने २०१३ मध्ये मान्य केले. आज जाणते डॉक्टर सांगतात की हा मेंदूच्या घडणीतला जन्मजात फरक आहे. त्यात आईबापांचे पाप नाही आणि मुलाचा आळसही नाही. वर्गात शांत बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीही यात असतात. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून कोणाच्या ध्यानी येत नाहीत.

मग करावयाचे काय? पुन्हा साताऱ्याला जाऊ. १९२४ मध्ये भाऊरावांनी तेथे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. त्यांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रदेखील मोडले. त्या मुलांची अडचण गरिबीची होती, ही गोष्ट वेगळी. पण भाऊरावांनी गरीब मुलाला 'तू शाळेला लायक नाहीस' असे म्हटले नाही. त्याला शिकता येईल अशी शाळाच बांधली. अडथळा मुलात शोधण्याऐवजी त्यांनी तो व्यवस्थेत शोधला.

हीच दृष्टी आज घरी आणि वर्गात हवी. चंचल मुलाला तीन तासांचा अभ्यास एकदम न देता वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे करून द्यावेत. मध्ये हातापायांना काम द्यावे. एका वेळी एकच सूचना, तीही लिहून. स्वमग्न मुलाला दिवसाचा ठरलेला क्रम, कमी गोंगाट आणि बदलाची आगाऊ कल्पना लागते. त्याला रेल्वेचे वेड असेल तर गणित रेल्वेतूनच शिकवावे. अतिचंचलतेवर औषधेही आहेत, पण ती तज्ज्ञ डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्यावयाची.

कायदाही आता मुलाच्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता यांना मान्यता दिली. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयींची तरतूद त्यात आहे. अतिचंचलतेचे स्वतंत्र नाव त्या यादीत नाही, ही उणीव खरी. मात्र तिच्या जोडीला पुष्कळदा अध्ययन-अक्षमता असते, म्हणून तीही तपासून घ्यावी. या कायद्याखालच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावयाच्या सरकारी संकेतस्थळाचे नाव 'स्वावलंबन' आहे. रयतच्या मुलांना हा शब्द काही नवा नाही! प्रमाणपत्र काढले तर मुलाला शिक्का बसेल, असे भय आईबापांना वाटते. पण 'ढ' हा शिक्का तर त्याला प्रमाणपत्रावाचूनच बसलेला असतो. हे कागद दहावीच्या तोंडावर धावपळ करून होत नाहीत. आठवी-नववीतच हालचाल करावी.

आणि या दिवाळीत गच्चीवर जाऊन बसलेल्या त्या मुलाकडे फराळाची बशी घेऊन आपणच जावे. मार्कांचे विचारू नये. "सध्या काय उघडून बसला आहेस?" एवढेच विचारावे, आणि तो सांगू लागला की पुरते ऐकून घ्यावे.