एक नाव, चार जाती : चहाच्या भुंगेऱ्याच्या वर्गीकरणाचा इतिहास

लाकडात बोगदे कोरून त्यांत आपल्या अन्नासाठी कवकाची जोपासना करणाऱ्या भुंगेऱ्यांना अँब्रोझिया भुंगेरे म्हणतात. बोगद्यांच्या भिंतींवरील थराला श्मिडबर्गर याने १८३६ मध्ये ‘अँब्रोझिया’ म्हटले. तो थर कवकाचा होय, हे हार्टिगने १८४४ मध्ये ओळखले. या गटात जातीचे नाव प्ररूप-नमुन्यावर किती अवलंबून असते, हे पुढील इतिहासावरून दिसून येईल.

१८६८ मध्ये आइखहोफ याने सिलोनमधील (आजच्या श्रीलंकेतील) एका भुंगेऱ्यास ‘झायलेबोरस फॉर्निकेटस’ हे नाव दिले. पुढे चहाच्या डहाळ्या पोखरणारा कीटक याच नावाने प्रसिद्धीस आला. एगर्सने १९२३ मध्ये ‘फॉर्निकॅटिअर’, तर शेडलने १९४२ मध्ये ‘व्हिटफोर्डिओडेंड्रस’ आणि १९५१ मध्ये ‘पर्ब्रेव्हिस’ या जाती वर्णिल्या. तथापि जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या या माद्या बाह्यतः इतक्या सारख्या की, ही सर्व नावे कालांतराने फॉर्निकेटसची पर्यायनामे ठरली.

२००३ मध्ये कॅलिफोर्नियात असाच भुंगेरा आढळला. तो चहाचाच भुंगेरा, असा प्रथम समज झाला. परंतु २०१२ मध्ये तेथील ॲव्होकॅडोच्या झाडांच्या मरीशी त्याचा व त्याच्या कवकाचा संबंध उघड झाला, आणि आनुवंशिक तपासणीत एका नावाखाली अनेक वंशधारा असल्याचे आढळले. २०१८ मध्ये गोमेझ व सहकाऱ्यांनी चार जाती मानल्या. त्यांनी चौथीस ‘कुरोशिओ’ हे नवे नाव दिले, कॅलिफोर्नियातील उपद्रवी जातीस व्हिटफोर्डिओडेंड्रस म्हटले, आणि फॉर्निकेटस हे नाव चहावरील एका जातीकडे ठेवले.

एवढ्यात हरवला असे मानलेला आइखहोफचा नमुना सापडला. २०१९ मध्ये स्मिथ व सहकाऱ्यांनी त्याची मोजमापे घेतली. तो व्हिटफोर्डिओडेंड्रस म्हटलेल्या जातीतच बसत होता! साहजिकच जुने नाव त्या जातीकडे गेले, आणि चहावरील जातीस पर्ब्रेव्हिस हे नाव परत मिळाले.

हा केवळ नावांचा वाद नव्हे. कवक, आश्रयवृक्ष व नैसर्गिक शत्रू यांविषयीची माहिती नावाच्या आधारेच साठविली जाते. दीडशे वर्षांच्या वाङ्मयातील ‘फॉर्निकेटस’ म्हणजे चारांपैकी नेमकी कोणती जाती, हे जेथे नमुना जपला आहे तेथेच ठरविता येते. अन्यत्र ती नोंद संदिग्धच राहते. म्हणून संशोधकाने निबंधाइतकीच काळजी टाचणीवरील नमुन्याचीही घेतली पाहिजे.