लेडविज आणि आपले अमर शेख

आयर्लंडचा कवी फ्रान्सिस लेडविज रस्त्याच्या कामावरचा मजूर होता. देश इंग्रजांच्या ताब्यात असताना त्याने इंग्रजांचीच वर्दी घातली. 1915 मध्ये तो गॅलिपोलीत तुर्कांशी लढला. 1916 च्या डब्लिनच्या उठावानंतर इंग्रजांनी त्याचा कवीमित्र टॉमस मॅकडोना याला गोळ्या घातल्या, तेव्हा त्याच वर्दीत त्याने मित्रावर शोकगीत लिहिले. 31 जुलै 1917 रोजी बेल्जियमच्या आघाडीवर रस्ता बांधण्याच्या कामावर असतानाच तोफगोळ्याने तो गेला.

असा मजूर-कवी आपल्याकडेही झाला. शाहीर अमर शेख, म्हणजे 1916 साली बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीकामगार, मग कम्युनिस्ट. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज गावोगाव पोहोचला.

1962 मध्ये चीनने आक्रमण केले. चीनवरून त्यांच्याच पक्षात दुफळी होती. 1964 मध्ये पक्ष फुटलाच. शेखांनी मात्र डफ उचलला आणि हिमालयाच्या रक्षणासाठी लोकांना हाक दिली. ते सैनिक नव्हते, कुणाचा हुकूमही नव्हता.

"मुसलमान असून देशासाठी गायले," असे कौतुक आजही कानावर येते. त्यातला 'असून' मला खुपतो. बार्शीचा माणूस आपल्या मुलखासाठी आपल्या भाषेत गायला, त्यात 'असून' कशाला?

'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. 1969 मध्ये मोटार अपघातात ते गेले. माझ्या उर्दू शाळेतल्या मुलांना इक्बाल पाठ आहेत; अमर शेख मी यंदा शिकवायला घेतले.