कालदर्शक फ्रेजल व्हर्ब
क्रियापद व अव्यय मिळून एकच अर्थ देणाऱ्या इंग्रजी रचनेला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. ठरलेली वेळ बदलल्याचे सांगण्यासाठी अशा काही रचना वापरल्या जातात. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे. त्यापुढे 'अन्टिल' आल्यास नवी तारीख कळते, तर 'बाय' आल्यास लांबणीचा कालावधी. 'ब्रिंग फॉरवर्ड'मधील 'फॉरवर्ड'चा शब्दशः अर्थ 'पुढे' असला, तरी संपूर्ण रचनेचा अर्थ 'ठरल्यापेक्षा आधी घेणे' असा होतो. बुधवारची परीक्षा दोन दिवसांनी 'ब्रिंग फॉरवर्ड' केल्यास ती सोमवारी होते. मराठीतील 'पुढे ढकलणे' असा अर्थ लावणारा विद्यार्थी शुक्रवारी पोहोचतो. 'पुट बॅक'चा अर्थ संदर्भानुसार बदलतो: सभा 'पुट बॅक' केल्यास ती उशिरा होते, घड्याळ 'पुट बॅक' केल्यास काटे मागे जातात.