पाठीतल्या पाण्याची गोष्ट

कोरोनाच्या काळात आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घशात काडी फिरवून आरटीपीसीआर तपासणी केली होती. तीच रीत आज लहान मुलांचा मेंदूज्वर ओळखायलाही कामी येते. इथवर माणूस कसा पोचला, ते आज सांगतो.

आपल्या मेंदूभोवती आणि मणक्यात पातळ आवरणं असतात आणि त्यांत पाणी असतं. तिथे जंतू शिरले की आवरणाला सूज येते. मूल तापानं फणफणतं, झटके येतात. पूर्वी कुणी म्हणायचं बाहेरचं झालं, कुणी दृष्ट काढायचं. औषधच नव्हतं, त्यामुळे असं मूल क्वचितच वाचायचं.

1887 साली ऑस्ट्रियात वाइक्सेलबाउम या डॉक्टरांना या आजाराचा एक जंतू सापडला, पण दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूपाण्यात. 1891 साली जर्मनीत क्विंके यांनी जिवंत रुग्णाच्या कमरेत सुई घालून पाणी काढायची रीत सांगितली. पुढे पेनिसिलीन आलं. 1954 साली आपल्या पुण्याजवळ पिंपरीला त्याचा सरकारी कारखाना उभा राहिला.

तरी एक अडचण राहिली. पाण्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला एक-दोन दिवस, कधी जास्तही लागतात. त्यातून गावात ताप आला की आपण आधी जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतो. त्यानं जंतू मरतात किंवा अर्धमेले होतात, मग ते प्रयोगशाळेत वाढत नाहीत. अहवाल येतो, ‘काही आढळलं नाही’. आजार मात्र अंगात असतो.

1983 साली अमेरिकेत कॅरी मुलिस यांना पीसीआरची युक्ती सुचली. जंतू मेला तरी त्याच्या बीजद्रव्याचे तुकडे पाण्यात राहतात. यंत्र त्या तुकड्याच्या प्रती काढतं: एकाचे दोन, दोनाचे चार. अशा तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात. मग काही तासांत कळतं, जंतू आहे का आणि कोणता. कोणतं औषध लागू पडेल हे पाहायला मात्र जंतू वाढवण्याची जुनी तपासणी अजूनही लागते. आणि अहवालासाठी डॉक्टर औषध थांबवून ठेवत नाहीत.

ही सोय प्रत्येक तालुक्याला नाही. पण पहिली तपासणी घरातच होते. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या बायकांनी मुलांची वजनं केली, बाळंतपणं केली, जुलाबानं सुकणारी मुलं वाचवली. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातली बाई दुखणं वेळेत ओळखू शकते, हे त्यांनी जगाला दाखवलं.

म्हणून खुणा लक्षात ठेवा. ताप आणि उलटी, मान ताठ, झटके, सुस्ती; तान्ह्या बाळाची टाळू फुगणं, दूध न ओढणं, सारखं किरकिरणं. सगळ्या खुणा एकदम दिसतीलच असं नाही. एखादी दिसली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा. आधी कोणतं औषध दिलं, त्याची चिठ्ठी बरोबर न्या.

डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणाले की आपल्या घरात एकच भीती: पोर पांगळं होईल. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपतो. पांगळेपण, बहिरेपण येतं ते आजारानं, उशीर झाल्यानं. बऱ्या झालेल्या मुलाचे कानही तपासून घ्या.

शेवटी, आजार होऊच नये म्हणून लस आहे. पेंटा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी. न्यूमोकोकलची दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांनी. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. पुढच्या बैठकीला गटातल्या लेकुरवाळ्यांची कार्डं एकदा बघूया. कुणाचा डोस राहिला असेल, तर आशाताईंना तिथेच सांगूया.