डिस्पोजलच्या गाडीपासून

दुसऱ्या महायुद्धाचे परिणाम हा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. संयुक्त राष्ट्रसंघ, शीतयुद्ध, वसाहतींचे स्वातंत्र्य असे मुद्दे फळ्यावर लिहितो, मुले ते वहीत उतरवून घेतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, युद्ध संपल्यावर त्या सगळ्या गाड्यांचं काय झालं?" त्याचे वडील ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री. उत्तर पुस्तकात नव्हते. ते शोधताना आम्हाला आमच्याच मोहल्ल्याचा इतिहास सापडला.

युद्धकाळात हिंदुस्थानातल्या फौजेसाठी फोर्ड, शेव्हर्ले, डॉज, बेडफर्ड अशा कंपन्यांचे हजारो ट्रक आले. 1945 नंतर ते जास्तीचे ठरले आणि सरकारने विकायला काढले. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द तेव्हाचाच. बहुतेक गाड्या पेट्रोलच्या, साधारण तीन टन माल वाहणाऱ्या. सुटे भाग परदेशी. तो भाग मिळाला नाही तर इथल्या कारागिराने तो जुना बघून घडवायचा. हे शिक्षण कुठल्याही शाळेत मिळत नव्हते, ते उस्तादाच्या हाताखाली मिळत होते.

देशात कारखानेही उभे राहत होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज ट्रक तयार होऊ लागले. 1953 साली टॅरिफ कमिशनने सुचवले की, ज्यांना गाडी इथेच बनवायची आहे त्यांनीच राहावे. नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरातून डिझेल ट्रक निघू लागले. 1955 साली मद्रासला अशोक लेलँड आली. करार 1969 साली संपला. ट्रकच्या तोंडावरचा मर्सिडीजचा तारा गेला, तिथे टाटांचा ‘टी’ बसला. डिझेल स्वस्त, इंजिन चढाला दमदार. पेट्रोलच्या जुन्या गाड्या हळूहळू भंगारात गेल्या.

कोल्हापूरला ट्रक इतका का मानवला? रेल्वे 1891 साली मिरजेहून इथवर आली आणि इथेच थांबली. पुढे कोकणात उतरायचे तर घाटच: फोंडा, आंबा, गगनबावडा. शिवाय मिरज-पुणे लोहमार्ग 1970 च्या सुमारापर्यंत मीटरगेज होता, त्यामुळे मुंबईचा माल पुण्यात एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. गुळाचे रवे असे दोनदा हाताळणे कोणाला परवडेल? ट्रक मात्र मार्केट यार्डातून निघून थेट पेढीच्या दारात उभा राहतो. पुढे सहकारी साखर कारखान्यांचा ऊस आला, राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडचे बॉक्साइट बेळगावकडे जाऊ लागले. पुणे-बंगळूर रस्ता तर शहराच्या अंगावरूनच जातो.

त्या काळी कारखान्यातून ट्रक येई तो बहुधा नुसता सांगाडा, म्हणजे चासी. केबिन आणि हौदा गावातच बांधायचा. त्यातून सुतार, लोहार, वेल्डर, वायरमन, गादीवाला, पेंटर अशा किती घरांची चूल पेटली! मराठा, लिंगायत, दलित, शीख, मुसलमान, सगळेच या धंद्यात आले. एकाच फळ्यावर ‘श्री महालक्ष्मी प्रसन्न’ आणि ‘786’ रंगवणारा पेंटर आम्ही पाहिला आहे. उद्यमनगरच्या भट्ट्यांत ऑइल इंजिनाचे भाग ओतता ओतता हात तयार झाले आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून मोठमोठ्या वाहन कंपन्यांना कास्टिंग जाऊ लागले.

पण या हुनराची किंमत माणसाने मोजली. पॉवर स्टेअरिंग नाही, शेजारी इंजिनाची धग, घाटात मागे सरकणाऱ्या चाकाखाली दगड लावायला धावणारा किन्नर हे अनेकदा कोवळे पोरच. शाहू महाराजांनी 1906 साली मुस्लिम समाजासाठी शिक्षणसंस्था आणि बोर्डिंग उभे केले, ते पोरांच्या हाती पुस्तक यावे म्हणून. तरीही सातवीनंतर पान्ह्याकडे गेलेल्या मुलांची नावे आमच्या हजेरीपटावर आम्हीच खोडली आहेत. गॅरेजला नावे ठेवून काय उपयोग? त्या गॅरेजने घरे जगवली. मिस्त्रीच्या अकलेला दाखला देण्याची सोय आम्ही केली नाही, दोष असेल तर तिथे आहे.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. ट्रकचालकाला उकाडा होतो हे कायद्याला कळायला युद्धानंतर ऐंशी वर्षे लागली.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले: त्या गाड्या तुझ्या आजोबांच्या पिढीने उघडल्या आणि पुन्हा जोडल्या. मग त्याच्या वडिलांना एक दिवस वर्गात बोलावले. गिअरबॉक्स कसा चालतो ते त्यांनी खडूने फळ्यावर काढले. तास संपल्याची घंटा झाली, तरी मुले उठली नाहीत.