साखळी करवत

साखळी करवत अथवा चेनसॉ हे झाडे तोडण्याचे व फांद्या छाटण्याचे दातेरी साखळीचे यंत्र आहे. जर्मन अभियंते आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी अशी करवत बनवली. आज पेट्रोलवर चालणारे प्रकारही रूढ आहेत.

निवड : वैराग (ता. बार्शी, जि. सोलापूर) परिसरासारख्या कोरडवाहू भागात बांधावरील कडुलिंबाच्या छाटणीस लहान पात्याचे हलके यंत्र पुरते, बाभळीच्या कठीण बुंध्यास अधिक शक्तीचे लागते.

देखभाल : द्विघाती इंजिनाचे वंगण इंधनातूनच मिळते. ५०:१ प्रमाण सांगितलेले असल्यास १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात. निव्वळ पेट्रोल वापरल्यास दट्ट्या घासून इंजिन जाम होते. साखळीचे तेल वेगळ्या टाकीत भरतात. भरड भुशाऐवजी पिठासारखी भुकटी पडू लागली, की गोल कानशीने धार लावावी.

सुरक्षितता : पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकल्यास यंत्र चालकाच्या अंगावर उसळते. म्हणून साखळीचा ब्रेक कामापूर्वी तपासणे आवश्यक असते.

कायदा : महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमानुसार चिंच, आंबा यांसारखी अनुसूचीतील झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीविना तोडता येत नाहीत.