ध्वनितीव्रतेची अक्षरचिन्हे आणि संगणकीय स्वरलेखन
पाश्चात्त्य स्वरलेखनात नादाचा लहानमोठेपणा प्रथम शब्दांनी दर्शविला जाई. व्हेनिस येथे १५९७ मध्ये छापलेल्या जोव्हान्नी गाब्रिएलीच्या ‘सोनाता पियान ए फोर्ते’ या रचनेत ‘पियान’ (हळू) व ‘फोर्ते’ (जोराने) हे इटालियन शब्दच दृष्टीस पडतात. पुढे त्यांची आद्याक्षरे तेवढी उरली, आणि अक्षर झाल्यावर त्यांची द्विरुक्ती सोपी झाली. चायकोव्हस्कीने १८९३ च्या सहाव्या सिंफनीत बसूनसाठी सहा ‘पी’ लिहिले (तो भाग पुष्कळदा बास क्लॅरिनेटकडे सोपविला जातो, ही गोष्ट निराळी). लिगेतीच्या १९६६ च्या चेलो कॉन्चेर्तोचा आरंभ तर आठ ‘पी’नी होतो. हा आठवा ‘पी’ प्रमाणाचा नसून आग्रहाचा आहे. ‘दूर दूर’ म्हणताना दुसरा ‘दूर’ अंतर मोजीत नाही, तसाच.

संगणकाला मात्र मोजल्यावाचून गत्यंतर नव्हते. २००४ मधील म्युझिकएक्सएमएल या संकेतपद्धतीत एक ते सहा ‘पी’ व ‘एफ’ यांना स्वतंत्र नावे आहेत. त्यापलीकडच्यांची बोळवण ‘इतर’ या एकाच सदरात होते. २०१३ च्या स्मूफल या मुद्राक्षर-संकेतातही या अक्षरांची जोडचिन्हे सहावरच थांबतात. सुटी अक्षरे जुळवून लिगेतीचे पान डोळ्यांपुरते बिनचूक उतरविता येते. परंतु ती जुळणी केवळ मजकूर म्हणून नोंदली गेली, तर वादनयंत्रणेला तिचा बोध होत नाही. स्वर मागच्याच तीव्रतेने वाजत राहतो. त्या चिन्हाला मूल्य वेगळे नेमून द्यावे लागते, आणि १९८३ पासूनच्या मिडी पद्धतीत ते १ ते १२७ या आकड्यांतच बसवावे लागते.